जोडीदार की प्रतिस्पर्धी? हवाई दलाच्या उड्डाण प्रशिक्षणातली चढाओढ

खासबागवाला
कोल्हापुरात एनडीए आणि एएफकॅट या लष्कर-हवाई दलातल्या भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांत नोट्स लपवायची सवय दिसते. घरचेही म्हणतात, जागा मोजक्या, दुसऱ्याला कशाला सांगायचं? ही सवय हैदराबादजवळच्या डुंडीगलच्या एअर फोर्स ॲकॅडमीत गेली तर ती जिवावर बेतू शकते, असं माझं स्पष्ट मत आहे. तालमीत सकाळी ज्याच्याशी जोर करायचा, त्याच्याशीच उद्या मैदानात कुस्ती लागू शकते. तरी जोर करताना कुणी जोडीदाराचा हात मोडत नाही. तोच जायबंदी झाला तर जोर करणार कुणाशी?

तिथं २०१३ पासून प्राथमिक उड्डाण पिलॅटस पीसी-७ मार्क २ या प्रशिक्षण विमानावर शिकवतात. उतरताना नवशिक्याच्या हातून नाक जरा जास्त उचललं जातं. विमान परत वर तरंगतं आणि वेग मरतो. अशा वेळी घाबरून स्टिक पुढे ढकलली की पुढचं चाक आधी आपटतं. नाक स्थिर धरून पॉवर द्यायची आणि पुन्हा फेरी मारायची, हा त्यावरचा उपाय. पण आदळलंच तर अंडरकॅरेज, म्हणजे चाकांचा सांगाडा, तपासल्याशिवाय विमान पुन्हा सोडता येत नाही. सोलोत, म्हणजे एकट्यानं उडताना, झालेलं असं लँडिंग गुण जातील म्हणून लपवलं, तर पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) त्या विमानात बसणारा कोर्समेटच असतो.

पन्हाळ्याचा वारा
अहो, लपवणं हा खोटेपणाचा दोष झाला. तो स्पर्धेच्या माथी का मारता? फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे ठरवताना गुणवत्ता, कल आणि रिकाम्या जागा बघाव्याच लागतात. पुढे बिदरला हॉक या जेट प्रशिक्षण विमानावर जाणाऱ्याला एकट्यानं निर्णय घ्यायची सवय हवी.

शिवाय 'मदत' नेहमी मदत असतेच असं नाही. इंजिन बंद पडल्याचा सराव घ्या. प्रशिक्षक मागच्या सीटवरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो. विद्यार्थ्यानं ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत उतरण्याचा) वेग पकडायचा, वारा ओळखायचा, उतरायला शेत निवडायचं, उंचीचा हिशेब मांडायचा आणि वेळ उरला तर इंजिन पुन्हा सुरू करून बघायचं. आता मित्रानं आधीच सांगितलं, 'सर तळ्याजवळच थ्रॉटल ओढतात, डावीकडचं शेत धर.' चाचणीत पोरगा पास. पण तो शेत निवडायला शिकलाच नाही, एक शेत पाठ करून आला! खरं इंजिन बंद पडेल तेव्हा खाली ऊस उभा असेल किंवा विजेच्या तारा असतील.

सैनिक टाकळीकर
ऊस-तारांचा मुद्दा पटला. पण फॉर्मेशनचं, म्हणजे विमानं जवळजवळ ठेवून एकत्र उडण्याचं काय? विंगमननं, म्हणजे बाजूच्या वैमानिकानं, लीडरच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणा एका रेषेत ठेवायच्या आणि थ्रॉटल बारीक-बारीक हलवायचा. 'मी किती जवळ राहतो बघा' या ईर्षेनं वेगात जवळ गेला की पुढे निसटतो, लीडर दिसेनासा होतो. दिसत नसेल तर तत्काळ रेडिओवर सांगून ठरलेल्या पद्धतीनं दूर व्हायचं, त्यात कमीपणा नाही. उलट लीडरलाही भान हवं. सतत थ्रॉटल हलवल्यानं विंगमनचं इंधन जास्त जळतं, म्हणून परतायची वेळ सगळ्यात कमी इंधन असलेल्या विमानावरून ठरते. तिथं स्वतःचाच काटा बघणारा लीडर काय कामाचा?

मंगळवार पेठ
सर्दीचं कुणी बोललं नाही. सॉर्टी बुडेल म्हणून पोरं नाक चोंदलेलं असताना उडतात. खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो, कान उघडत नाही आणि असह्य कळ येते, तीही नेमकी लँडिंगच्या वेळी. अशा वेळी 'डॉक्टरकडे चल' म्हणून ओढून नेणारा रूममेटच लागतो.

पन्हाळ्याचा वारा
सर्दी आणि फॉर्मेशन, दोन्ही मान्य. पण गुणांची क्रमवारी काढून टाका म्हणाल तर माझा विरोध कायम आहे. एकाची चूक दुसऱ्यानं झाकत नेली की ती मोठ्या वेगाच्या विमानात उघडी पडते, आणि तिथं सुधारायला वेळ फार थोडा असतो.

खासबागवाला
क्रमवारी काढून टाका असं मी म्हटलंच नाही. काय सांगायचं एवढंच ठरवू. 'नजर धावपट्टीच्या जवळच्या टोकावर अडकली, म्हणून फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) चुकला' हे सगळ्या कोर्सला सांगावं. 'सर अमुक ठिकाणी थ्रॉटल ओढतात' हे सांगू नये. आणि खुर्चीवरचा सराव दोघांनी मिळूनच करावा: एकानं डोळे मिटून चेक्स (तपासणीचा ठरलेला क्रम) म्हणत हात त्या-त्या स्विचकडे न्यायचा, दुसऱ्यानं मध्येच 'इंजिनला आग' म्हणायचं.

पन्हाळ्याचा वारा
करू दे की दोघांनी. फक्त तो अडखळला तर दुसऱ्यानं लगेच उत्तर पुरवायचं नाही. गप्प बसायचं, त्याला स्वतः आठवू द्यायचं. नाहीच आठवलं तर चेकलिस्ट हातात देऊन सगळा क्रम पहिल्यापासून म्हणायला लावायचा.