इतिहासाचा पेपर: उतारा आणि निबंध, दोन्हीत गुण अर्धेच का?

बर्डीची_वाचक

बीए दुसरं वर्ष, इतिहास मराठीतून. कॉलेजच्या सराव परीक्षेत 50 गुणांचा, दोन तासांचा पेपर होता: एक उतारा 10 गुणांचा, दोन निबंध 15-15 चे, दोन टिपा 5-5 च्या. उताऱ्यात 4 पडले, निबंधांत 7 आणि 6. पुरवण्या लावून लिहिलं, तारखा बरोबर होत्या. शेरे दोनच: "उतारा पुन्हा लिहिला आहे" आणि "विश्लेषण नाही".

उतारा म्हणजे नागपूरच्या भोसल्यांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनीच्या एका अधिकाऱ्याने वरिष्ठांना पाठवलेला अहवाल. शेवटचा प्रश्न 5 गुणांचा: हे साधन इतिहासकाराला कितपत उपयुक्त आहे? मी लिहिलं, "लेखक इंग्रज असल्यामुळे साधन पक्षपाती आहे, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवता येत नाही." 1 गुण. निबंध होता: 1857 च्या उठावाला गव्हर्नर जनरल डलहौसीचं संस्थानं खालसा करण्याचं धोरण (औरस वारस नसलेलं संस्थान कंपनीच्या राज्याला जोडणं) कितपत जबाबदार होतं? विश्लेषण म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं?

जुनं_दप्तर

उताऱ्याचं सांगते, निबंधाचं दुसरं कोणी सांगेल.

"पक्षपाती" हा शब्द आला आणि तुझं उत्तर तिथेच संपलं. पक्षपात कोणत्या ओळीत दिसतो, तो करण्यात लेखकाचा काय फायदा होता आणि एवढं असूनही त्या कागदातून काय हाती लागतं, हे लिहायचं राहून गेलं. 5 पैकी 4 गुण त्यालाच होते.

आधी वेळेचा हिशेब. 120 मिनिटांतून 10 शेवटच्या तपासणीला काढ. उरली 110, म्हणजे गुणाला 2.2 मिनिटं. उताऱ्याला 22, त्यातली पहिली 6 नुसती वाचायला. प्रश्न आधी, उतारा नंतर. उताऱ्याच्या खाली कोणी, कोणाला, कधी लिहिलं याची बारीक टाइपातली ओळ असते. ती न वाचताच पोरं लिहायला लागतात आणि मग "उपयुक्त" या प्रश्नावर अडतात.

"उताऱ्यानुसार" असं विचारलं की बाहेरची माहिती नको, तिला गुण नसतात. 2 गुण असतील तर दोन मुद्दे, दोन वाक्यं, स्वतःच्या शब्दांत. "उतारा आणि तुमची माहिती यांच्या आधारे" असं असेल तर दोन्ही लागतात. एकच बाजू लिहिली तर निम्म्यावर थांबशील.

आता तो 5 गुणांचा. अधिकारी वरिष्ठांना लिहितोय. त्याला शाबासकी हवी, बढती हवी. म्हणून अशा अहवालांत शत्रूची फौज फुगते आणि आपली चिमूटभर दिसते. तो आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही. पण लढाई 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सुरू झाली, दुसऱ्या दिवशी संपली, टेकडीवर कोणती तुकडी कुठे होती, यात फेरफार करून त्याला फारसं काही मिळत नाही. शिवाय वरिष्ठांकडे इतरांचेही अहवाल जाणार असतात. आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना तो दगाबाज म्हणत असेल, तर त्या शब्दातून आप्पासाहेब कसे होते ते कळत नाही. 1816 च्या तैनाती फौजेच्या तहानंतर कंपनी त्यांना आपला बांधलेला माणूस समजत होती, हे कळतं. म्हणजे उताऱ्यातली सगळ्यात पक्षपाती ओळच कधी कधी सगळ्यात कामाची असते.

उताऱ्यात काय नाही, तेही लिहावं लागतं. त्याच महिन्यात 5 तारखेला खडकीला पेशव्यांची कंपनीशी लढाई झाली होती. अहवालात तिचा उल्लेख नसेल तर नागपूरची घटना सुटी, अचानक घडल्यासारखी वाटते.

उत्तराचा साचा साधारण असा: "लढाईच्या घटनाक्रमासाठी हा अहवाल बराच उपयुक्त आहे, कारण लेखक तिथे हजर होता आणि त्याने तो लगेच लिहिला. शत्रूच्या संख्येबाबत तो जपून वापरावा लागतो, कारण संख्या वाढवल्याने विजय मोठा दिसतो. भोसल्यांनी शस्त्र का उचललं हे समजायला तो अपुरा आहे. त्यासाठी त्यांच्या दरबारातला पत्रव्यवहार पाहावा लागेल." मग प्रत्येक वाक्यामागे उताऱ्यातले तीन-चार शब्द अवतरणात. पूर्ण ओळी उतरवू नकोस, "उतारा पुन्हा लिहिला" हा शेरा त्यामुळेच येतो.

महालचा_मास्तर

वरचं सगळं पटलं, फक्त तपासणीला 10 मिनिटं ठेवणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे. 5 धरा.

वरच्याच हिशेबाने निबंधाला 33 मिनिटं. पैकी 6 कच्च्या आराखड्याला, शेवटच्या पानावर पेन्सिलने. राहिली 27. मिनिटाला 15 शब्दांचा वेग असेल तर 400 शब्द होतात, म्हणून मुद्दे चारच घ्या. आपला वेग एकदा घड्याळ लावून मोजा.

प्रश्नातला वजनदार शब्द "कितपत". डलहौसीने काय काय केलं हे कोणी विचारलेलंच नाही. बहुतेक निबंधांत पहिलं पान खालसा धोरणाच्या व्याख्येत जातं, दुसऱ्यावर संस्थानांची यादी, आणि शेवटच्या चार ओळींत "अशा प्रकारे हे धोरण जबाबदार होते". परीक्षकाने काहून गुण द्यावे?

पहिल्याच दोन वाक्यांत बाजू घ्या. उदाहरणार्थ: या धोरणाने उठावाला काही पुढारी दिले, पण सैन्य दिलं नाही. आता याला पुरावा जोडायचा. पुढारी म्हटलं की झाशी, 1854. इथे नानासाहेबांना खालसा यादीत कोंबू नका. 1851 मध्ये त्यांचे दत्तक वडील, शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव वारल्यावर नानासाहेबांना ते पेन्शन नाकारलं गेलं. खालसा करायला राज्य उरलंच नव्हतं. सैन्याचं गाऱ्हाणं वेगळं: 1856 चा समुद्रापार जाण्याची अट घालणारा भरती कायदा, मग काडतुसं, मग 10 मे 1857 ला मेरठ.

अवध हा मधला दुवा, आणि सगळ्यात जास्त चूकही तिथेच. अवध वारस नाही म्हणून गेलं नाही. वाजिद अली शाहांचं राज्य फेब्रुवारी 1856 मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन घेतलं. बंगाल फौजेतले कितीतरी शिपाई त्याच मुलखातले, त्यामुळे राज्य गेल्याची कळ थेट छावणीत पोचली. हा फरक लिहिला की तुम्ही पुस्तक समजून वाचलंय हे दिसतं.

चौथा मुद्दा म्हणजे उलट तपासणी. तो नागपूरच्या पोराने सोडला तर कमालच आहे बाप्पा! इथले राजे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये पुत्राविना वारले, 1854 मध्ये राज्य खालसा. सातारा त्याच्याही आधी, 1848. पण 1857 मध्ये कानपूर-झाशीसारखा उठाव ना इथे पेटला, ना साताऱ्यात. खालसा होणं एकट्याने पुरेसं असतं तर तो पेटायला हवा होता. "कितपत"चं खरं उत्तर इथे मिळतं.

तुमच्या निबंधात "1854 मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केले" असं वाक्य असणारच. तीच माहिती अशी मांडा: "राज्य खालसा झालं म्हणजे तिथे उठाव झालाच असं नाही, हे नागपूरवरून दिसतं." तारीख पुढच्या वाक्यात. लिहून झाल्यावर परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं ओळीने वाचा. प्रश्नाचं उत्तर मिळालं तर ठीक. नुसती गोष्ट पुढे सरकली तर "विश्लेषण नाही" हा शेरा ठरलेला.

बर्डीची_वाचक

अवधची चूक मी केलीच आहे. अजून दोन शंका. इतिहासकारांची नावं किती टाकायची? आणि तारीख ऐन वेळी आठवली नाही तर?

महालचा_मास्तर

नाव एक-दोन पुरे, पण त्यांचं म्हणणं तुमच्या मुद्द्याला भिडलं पाहिजे. सावरकरांनी 1909 मध्ये याला स्वातंत्र्यसमर म्हटलं, र. चं. मजुमदारांनी "पहिलं", "राष्ट्रीय" आणि "स्वातंत्र्ययुद्ध" या तिन्ही शब्दांवर हरकत घेतली. तुमच्या प्रश्नात हा वाद अर्ध्या वाक्यापुरताच. प्रश्न उठावाच्या स्वरूपावर असता तर तोच मुख्य मुद्दा झाला असता.

जुनं_दप्तर

तारखेबद्दल: खात्री नसेल तर क्रम लिही. "मेरठच्या उठावाच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी अवध घेतलं" हे वाक्य अंदाजाने ठोकलेल्या चुकीच्या तारखेपेक्षा बरं, आणि त्यात संबंधही दिसतो.

सराव करताना एकाच साच्यात अडकू नकोस. सीबीएसईच्या बारावीला उतारा 4 गुणांचा, 1+1+2 असा फोडलेला. तिथे उपयुक्ततेवर पानभर लिहायला जागाच नसते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाला 10 गुणांना 150 शब्द, 15 ला 250. तिथे मास्तरांचे चार मुद्दे तसेच ठेवायचे, पण एकेकाला दोन-तीन वाक्यांत बसवायचं.

उताऱ्याऐवजी वस्तूवर हात बसवायचा असेल तर एखाद्या रविवारी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जा. एका शिलालेखासमोर उभं राहून कोणी कोरवला, कोणी वाचावा म्हणून, आणि त्यात काय सांगितलेलं नाही, हे 6 मिनिटांत वहीत उतरव.

महालचा_मास्तर

सोमवारी जाऊ नका, बंद असतो.