माऊसचं बटण बंद पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

गेल्या महिन्यात माझ्या माऊसचं डावं बटण गेलं. एकदा दाबलं की दोनदा क्लिक व्हायचं, फाईल ओढताना मध्येच सुटायची. दुकानदार म्हणाला, "टाकून द्या." मला ते पटेना. तळाच्या गुळगुळीत पट्ट्या हलक्या हाताने उचलल्या, तर खाली स्क्रू. आत प्रत्येक बटणाखाली नखाएवढा मायक्रोस्विच, तीन पायांचा. त्यातली पातळ पत्ती थकली किंवा टोकं काळवंडली की असं होतं. उजव्या बटणाचा स्विच त्यामानाने कमी झिजलेला, म्हणून दोघांची अदलाबदल केली. सोल्डरिंगला अर्धा तास गेला, पण माऊस परत चालू लागला याचा फार आनंद झाला. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले प्रयत्नसुद्धा.

*

मी डीटीपी करते. दिवाळी अंकाची पानं त्याच संध्याकाळी छापायला जायची होती आणि क्लिक बंद! डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबले, एंटर मारलं. मग कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलतो, ५ दाबलं की क्लिक होतं. वेळ लागला, पण पानं वेळेत गेली. विंडोज वापरणाऱ्या प्रत्येकाने हे लिहून ठेवावं.

*

आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात हे नेहमीचं. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडांवरची घाण काढणारा स्प्रे) मारला, शंभरेक वेळा बटण दाबलं, सुरू झालं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा उपयोग झाला नाही, स्विचच बदलावा लागला.

*

दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून कळकळीने सांगतो: आधी माऊस दुसऱ्या मशीनला लावून बघा. तिथं नीट चालला तर तो खोलूच नका, दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. वायरलेस असेल तर आधी सेल बदला. बऱ्याच स्विचचं आयुष्य १ कोटी क्लिकचं सांगतात, पण दिवसभर काम करणाऱ्याचं डावं बटण त्याआधीही जातं.

*

शाळेच्या लॅबमधला एक माऊस "बिघडलेला" म्हणून मी बाजूला ठेवला होता. दुसरा जोडला, तरी तेच! सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण उलटं केलेलं निघालं. एका डावखुऱ्या मुलीने स्वतःच्या सोयीसाठी केलं होतं. तिला रागावले नाही. आता तो कॉम्प्युटर तिच्या तासाला तिच्यासाठीच राखून ठेवते.

*

बाबांचा फोन आला, "अरे, आयकॉन बाणाला चिकटून फिरतायत, बटण अडकलंय." मीही तेच समजून नवा माऊस घेऊन गेलो. त्याचंही तेच. कंट्रोल पॅनलमध्ये माऊसच्या पहिल्याच पानावर क्लिकलॉक चालू झालेलं होतं; त्यात बटण जरा वेळ दाबून सोडलं तरी ते दाबलेलंच धरलं जातं. खूण काढली. जुनाच माऊस बाबा अजून वापरतात.