विदर्भाच्या आभाळात टेरोसॉर उडत होता, हे मुलांना सांगायचं की नाही?

विज्ञानबाई
आमच्या शाळेत विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे. सातवीच्या मुलींनी विषय घेतलाय टेरोसॉर, म्हणजे प्राचीन काळातले उडणारे सरपटणारे प्राणी. मी त्यांना एक पाटी लिहून दिली : "कॅम्पायलोग्नॅथॉइडिस इंडिकस. जुरासिक काळातला टेरोसॉर. सापडला आपल्याच विदर्भात." त्यावरून स्टाफरूममध्ये असा वाद झाला की मधली सुट्टी संपली तरी कोणी उठेना. म्हणून इथे विचारतेय.

पाटीला आधार आहे. १९७४ मध्ये सोहनलाल जैन यांनी कोटा थरात मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरून हे नाव दिलं. कोटा हे सिरोंचा तालुक्यातलं प्राणहितेकाठचं गाव, आणि त्या खडकांना जगभर त्याच गावाच्या नावानं ओळखतात. सिरोंचा ज्यात येतो तो गडचिरोली जिल्हा १९८२ चा, त्यामुळे जुन्या लिखाणात 'चांदा' (आजचं चंद्रपूर) दिसेल. याच कुळीचे अख्खे सांगाडे जर्मनीत हॉल्त्समाडेनला निघालेत.

सहकारी म्हणतात, शंकास्पद आहे, काढा. माझं म्हणणं, राहू द्या. आमच्या मुलींना असले प्राणी म्हणजे अमेरिका, चीन, नाहीतर सिनेमा. परवा मी एकीच्या अनामिकेला पतंगाची लांब कामटी बांधली आणि तिथून तिच्या पायापर्यंत जुनी ओढणी ताणली. वटवाघूळ चार बोटांवर पंख तोलतं, टेरोसॉर या एका बोटावर. तिनं हात पसरला आणि वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हा आपल्याकडं होता?" मी काय सांगायला हवं होतं?

दगडवेडा
बाई, कामटीचा प्रयोग फार आवडला. पण पाटीवरचा 'सापडला' हा शब्द खोडा.

माझी नोकरी खडकांतच गेली, म्हणून स्पष्ट लिहितो. जबड्याचा एक अपुरा तुकडा, एवढंच हाताशी आहे. त्यावरून जर्मनीतल्या कुळीचं नाव लावणं पुढच्या अभ्यासकांना पटलेलं नाही. तो टेरोसॉरचा आहे का, इथपासून शंका आहे. टेरोसॉर ओळखायचा तो पंखाच्या लांबलचक बोटावरून, मनगटातल्या टेरॉइड नावाच्या हाडावरून. ते काहीच इथे नाही. कोटा थरात मासेही भरपूर आहेत, लेपिडोटीसचे चकचकीत खवले तर ओळखीचेच. दात असलेला मोडका तुकडा दिसला की आधी हात आखडता घ्यायचा असतो.

आपल्या भागाचंच दाखवायचं तर बारापासॉरस हा डायनोसॉर दाखवा. त्याच कोटा थरातला, पोचमपल्लीजवळचा. शेकडो हाडं मिळाली, मांडीचं हाड एकटंच १.७ मीटर! सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

वऱ्हाडी पोरगा
सर, मग पोरायले फक्त पक्कंच सांगायचं काय? टेरोसॉरची गोष्टच चुकीपासून सुरू होते ना. १७८४ मध्ये इटालियन अभ्यासक कोलिनीनं पहिला सांगाडा वर्णन केला तेव्हा त्याला तो समुद्रातला प्राणी वाटला. हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिएनं १८०१ मध्ये सांगितलं. कोलिनी गप्प बसला असता तर क्यूव्हिएले काय दिसलं असतं? जैन सरांनी नाव दिलं म्हणूनच आज आपण भांडून राहिलो.

दगडवेडा
भाऊ, कोलिनीची चूक दुरुस्त झाली कारण चुनखडीच्या फरशीवर अख्खा सांगाडा समोर होता. बोटं मोजता येत होती. इथे मोजायला काय आहे? आणि जैन यांनी नाव दिलं यात काही गैर नाही, ते त्यांचं कामच होतं. मी भांडतोय ते पाटीवरच्या पूर्णविरामाशी.

सदरचा वाचक
मी सरांच्या बाजूनं. आपल्याकडे 'आपलाच' हा शब्द लागला की पुढचं कोणी वाचत नाही. प्रदर्शनाचा फोटो निघेल, पालकांच्या ग्रुपवर जाईल, आणि शंका राहील स्टाफरूममध्येच.

नागपूरला अभिमान हवा असेल तर हिस्लॉपचा धरा. इथे मिशनरी म्हणून आला, टाकळीचे आणि आसपासचे जीवाश्म गोळा केले, १८६३ मध्ये टाकळघाटजवळ बुडून गेला. दक्षिणेकडच्या मांगलीची कवटी त्यानं लंडनला पाठवली, आणि त्या प्राचीन उभयचराला ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेननं. गोळा करणं वेगळं, ओळख पटवणं वेगळं. दोन्हीला वेळ लागतो.

आलापल्लीकर
तुम्ही सगळे नागपुरात बसून बोलताय, म्हणून तिकडच्या माणसाचंही ऐका.

सिरोंचाजवळ वडधमला झाडांचे जीवाश्म आहेत, तिथे मी शाळेत असताना गेलो होतो. झाडाचा ओंडका वाटला म्हणून उचलायला गेलो तर जागचा हलेना. साल दिसते, आतल्या रेषा दिसतात, आणि हाताला गार दगड लागतो. आमच्यासोबत कोणी सांगणारं नव्हतं. कोटा हे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या लेखांत आहे आणि तिथल्या पोरांना ते गावातल्या पाण्याच्या टाकीवर तेवढं माहीत. तुम्ही पाटी काढाल, तर प्राण्यासोबत गावही जाईल. नेहमी तेच होतं.

सरांना एक विचारायचंय. टेरोसॉरची हाडं पोकळ, मोठ्या प्राण्यातही भिंत जेमतेम मिलिमीटरभर. नदीच्या गाळात ती टिकणार किती? मग 'एकच तुकडा' हा टेरोसॉर नसण्याचा पुरावा कसा होईल?

दगडवेडा
होत नाही, हे अगदी मान्य. टेरोसॉर तिथे नव्हता, असं मी म्हणणारच नाही. त्या काळी जगात इतरत्र ते उडत होते, प्राणहितेच्या खोऱ्यावरूनही उडाले असतील. पण 'असतील' आणि 'सापडला' यांत जे अंतर आहे त्यासाठी माणसं जन्मभर खडी चाळतात. कोटा थरातूनच कोटाथेरियमसारख्या सस्तन प्राण्यांचे दात मिळालेत, नुसत्या डोळ्यांना कचरा वाटावा इतके बारीक. तशी चाळणी लावली तर एखादा टेरोसॉरचा दातही निघेल. निघाला तर पाटी मी स्वतः रंगवून देतो.

वऱ्हाडी पोरगा
सर, चाळायले कोणी बोलावलं तर मी येतो. मजाक नाही करत.

विज्ञानबाई
सगळं मुलींना वाचून दाखवलं, नावं गाळून. अर्ध्या सरांकडे गेल्या, अर्ध्या आलापल्लीकरांकडे. 'शंका आहे' हे वाचून त्यांचा विरस होईल, हीच माझी धास्ती होती. तसं झालं नाही. उलट, तुकडा केवढा होता, कुठे ठेवलाय, आपल्याला बघता येईल का, असे प्रश्न सुरू झाले. माझी पाटी ऐकून एकीनंही काही विचारलं नव्हतं.

तरी सर, पाटी मी काढणार नाही. शब्द बदलते : "१९७४ मध्ये सिरोंचाकडच्या कोटा थरातल्या जबड्याच्या या तुकड्याला टेरोसॉरचं नाव दिलं गेलं. पुढच्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?" शेजारी बारापासॉरसच्या मांडीच्या हाडाएवढी, १.७ मीटरची पट्टी भिंतीवर लावू. मुलं तिच्याशी उंची मोजतील.

दगडवेडा
'या तुकड्याला' म्हणताय, पण तुकडा तर तुमच्याकडे नाही. 'एका तुकड्याला' करा. शेवटचा प्रश्नही मला अजून खटकतो, ओळख मतदानानं ठरत नाही. पण मी येईन बघायला. लेपिडोटीसचा एक खवला आहे माझ्याकडे, भिंगासकट आणतो.