मदत हवी आहे: विमानातून धूळकण गोळा करायच्या नळीत मोठे कण अडकताहेत

नमस्कार मंडळी,

मी छत्रपती संभाजीनगरला एम.टेक. करतोय. विमानाच्या बाहेर बसवायची एक नळी बनवतोय. सेकंदाला १०० मीटर वेगाने येणाऱ्या हवेतले धूळकण तिने आतल्या मोजणीयंत्रापर्यंत पोचवायचे आहेत.

नळीचं तोंड ४ मिमी. तोंडाशी हवेचा वेग बाहेरच्याइतकाच ठेवायचा, म्हणजे मिनिटाला ७५ लिटर हवा ओढावी लागते. कमी ओढली तर हवा तोंडाला वळसा घालून जाते, जड कण मात्र सरळ आत घुसतात आणि मोजणी फुगते. जास्त ओढली तर उलटं. इथपर्यंत जमलंय. पुढे नळी शंकूसारखी २० मिमीपर्यंत रुंद होते, भिंतीचा कोन साडेतीन अंश, लांबी सुमारे १३० मिमी. तिथे वेग ४ मीटरवर येतो.

घोडं अडलंय ते या शंकूत. आमचा विंड टनेल (हवेचा झोत सोडून चाचणी करायचा बोगदा) सेकंदाला ४० मीटरच्या वर जात नाही, म्हणून स्टोक्स अंक जुळवला, म्हणजे कण हवेबरोबर वळतो की सरळ जाऊन धडकतो हे सांगणारा आकडा. विमानावरचा ५ मायक्रॉनचा कण म्हणजे टनेलमधला साधारण ८ चा. शेतातली काळी माती वाळवली, कुटली, वस्त्रगाळ करून सोडली. १ मायक्रॉनचे कण जवळपास सगळे पोचतात, ८ चे निम्मेही नाहीत.

एवढा बारीक टेपर (शंकूचा उतार) आतून एका दमात निघत नाही म्हणून वाळूजच्या लेथवाल्या काकांनी तो दोन तुकड्यांत काढून दिलाय. जोड तोंडापासून ४५ मिमीवर. नख फिरवलं की तिथे पायरी लागते. नळी उघडली तर त्या पायरीवर मातीचं कडं जमलेलं. तोंडापासून तिथपर्यंत कापसाचा बोळा फिरवला की काळा होतो, पुढचा भाग त्यामानाने स्वच्छ.

लहान कणांवर भागवा, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पाणी धरणारे मोठे कण ढगात असले तर त्यांच्यावर मोठे थेंब लवकर बनतात आणि पडताना लहान थेंबांना गिळत जातात. २०१५ ला चिकलठाण्याहून कृत्रिम पावसाची विमानं उडाली तेव्हा मी गेवराईकडे शाळेत होतो, घागरी घेऊन टँकरची वाट बघायचो. आपल्या हवेत असे कण मुळात किती, हे मला मोजायचंय. आणि माझी नळी नेमके तेच खातेय.

पायरी गेली की सुटेल, की प्रवाहातली खळबळच कण भिंतीवर फेकतेय? सच्छिद्र भिंतीची नळी करून बघावी का?

प्रतिसाद

दोन्ही कारणं आहेत. आधी पायरी काढा. तुकडे डॉवेल पिनने पक्के बसवून टेपर रीमर (शंकूसारखं भोक आतून कोरणारं हत्यार) दोन्हींतून एकत्र फिरवून घ्या, काकांना सांगितलं की कळेल.

खळबळ मात्र राहणारच. ४ मिमी तोंडाशी विमानावर रेनॉल्ड्स अंक (जितका मोठा तितकी प्रवाहात खळबळ जास्त) २५ हजारांच्या वर जातो, तुमच्या टनेलमध्ये १० हजारांच्या आसपास. स्टोक्स जुळला तरी हा जुळत नाही, त्यामुळे टनेलचे आकडे विमानाला जसेच्या तसे लावू नका. सच्छिद्र भिंतीची नळी डेन्व्हर विद्यापीठाने केली होती, २००० साली कॅरिबियनमध्ये सी-१३० विमानावर तपासली गेली. भिंतीलगतची हवा शोषली की खळबळ कमी होते. पण हवा निघून जाते आणि जड कण मधल्या धारेतच राहतात, म्हणून ते जास्त मोजले जातात. ती दुरुस्ती गणिताने करावी लागते. एका सेमिस्टरचं काम नाही हे.

साध्या शंकूच्या नळ्या नासाच्या डीसी-८ विमानावरही ४-५ मायक्रॉनपाशीच निम्मे कण गमावत होत्या, तेव्हा खचू नका. त्याहून मोठे कण नळीत घेऊच नका. विमानाच्या पंखाखाली लटकवायचा ऑप्टिकल प्रोब (प्रकाशाने कण मोजणारं यंत्र) त्यांना वाहत्या हवेतच मोजतो, गाईडशी त्याबद्दल बोला.

अजून एक. १०० मीटर वेगाची हवा थांबली की सुमारे ५ अंशांनी तापते. ओलसर कण सुकून लहान दिसतात, म्हणून मोजणीयंत्राजवळ तापमान आणि आर्द्रता दोन्ही नोंदवा.

रीमर फिरवून झाला की परत तीच माती सोडा. दोन्ही तुकडे वेगवेगळे धुवा, गाळ वाळवून वजन करा आणि आकडे इथे टाका.