मदत हवी आहे: रीफ टँकमधलं शेवाळ काही केल्या जात नाहीये

मंडळी, मी इंदूरचा, घरी २०० लिटरचा रीफ टँक (कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा मत्स्यटँक) आहे आणि गेले तीन महिने खडकांवरचं हिरवं केसाळ शेवाळ पिच्छाच सोडत नाहीये, दर रविवारी टूथब्रशने घासतो, हाताने उपटतो, पाणी बदलतो आणि बुधवारपर्यंत परत जैसे थे. आई म्हणते एवढी मेहनत कुंडीतल्या मेथीवर केली असतीस तर भाजी तरी झाली असती! नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट टेस्टमध्ये शून्य, पण ते शून्य खोटं वाटतंय मला, शेवाळच सगळं खाऊन टाकत असणार. नर्मदेचं पाणी घरच्याच आरओतून घेतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४० येतो, आरओनंतर उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावलेलं नाही, घोळ इथेच असेल का? लाइट १० तासांवरून ७ वर आणली. शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी आणलेल्या, पण मे महिन्यात वीज गेली, पाणी तापलं, त्यात दोन गेल्या. आता नीट बघितलं तर फांद्या पिसासारख्या दिसतायत, म्हणजे हे ब्रायोप्सिस (पिसासारखं दिसणारं चिवट शेवाळ) तर नाही ना? तसं असेल तर फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) कुणी वापरलंय का, कोरल आणि झिंग्यांना काही त्रास झाला का, आणि औषध शोषून घेऊ नये म्हणून फिल्टरमधला कार्बन किती दिवस काढून ठेवलात?