मदत हवी आहे: बाबांना कंबोडियाला न्यायचंय, नोव्हेंबर की जानेवारी?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, गावभागातले. आमच्या जुन्या घरात जिन्याच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलने पुराच्या रेघा मारून ठेवल्यात: २००५, २०१९, २०२१. २०१९ची सगळ्यात वर. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गेल्या दिवाळीत घराला रंग काढला, तेव्हा तेवढा पट्टा सोडायचा असं त्यांनी रंगाऱ्याला शेजारी उभं राहून बजावलं.

हे सांगायचं कारण म्हणजे टोन्ले साप सरोवर. बाबांनी त्याच्याबद्दल वाचलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. पावसाळ्यात मेकाँग नदी फुगते, तिचं पाणी टोन्ले साप नदीत शिरतं आणि ती नदी चक्क उलटी, सरोवराच्या दिशेने वाहायला लागते. एरवी अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं तळं दहा हजारांच्या पुढे पसरतं. झाडं शेंड्यापर्यंत पाण्यात, त्यात मासे वाढतात. पाऊस ओसरला की प्रवाह परत फिरतो. "म्हणजे फुगवटाच की गं," बाबा म्हणाले, "पण तिथली माणसं त्याची वाट बघतात." आमच्याकडे पाणी चढायला लागलं की त्यांचा डोळा लागत नाही, त्यामुळे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

दुसरी ओढ अंगकोर वाटची. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेलं हे मूळचं विष्णुमंदिर. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ ४९ मीटर लांबीचा शिल्पपट आहे. लहानपणी श्रावणात बाबा पोथी वाचायचे, तेव्हा मंथनाचा अध्याय मी दोनदा वाचायला लावायचे.

आता अडचण. बाबा ७३ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे, मधुमेह आहे. आई शुद्ध शाकाहारी. मंदिरं फिरायला जानेवारीची हवा बरी म्हणतात, पण तोवर सरोवर बरंच ओसरलेलं असतं. नोव्हेंबरात, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, नदी परत फिरल्याचा तिथे मोठा जलोत्सव असतो, नावांच्या शर्यती लागतात. ते बघायचा मोह आहे, पण गर्दीची धास्ती वाटते. एका टूर कंपनीने सात दिवसांत तीन देश असा कार्यक्रम दिलाय. त्यात सरोवराला एक तास! मी नाही म्हणून सांगितलं.

गुडघेदुखीच्या माणसाला मंथनाच्या शिल्पापर्यंत जाता येतं का? आणि आईच्या जेवणाचं काय करायचं? कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, मी साताऱ्याची. आम्ही सासूबाईंना घेऊन फेब्रुवारीत गेलो होतो. सरोवराकाठच्या कंपोंग फ्लुक गावात घरं उंच खांबांवर असतात, ते खांब पार उघडे पडलेले, खाली चिखल. सासूबाई म्हणाल्या, "पाणी कुठाय?" तुमच्या बाबांना पाणीच बघायचंय, तर नोव्हेंबरच धरा. फक्त उत्सव संपल्यावर आठवडाभराने जा. सरोवर भरलेलंच असतं, गर्दी पांगलेली असते.

शिल्पांची ओवरी खालच्या टप्प्यावर आहे. वाटेत काही पायऱ्या लागतात, पण हात धरून सावकाश जमतं. उभा जिना आहे तो वरच्या गाभाऱ्याचा, तो सोडून द्या. मंदिरांचा तीन दिवसांचा पास घ्या, आम्ही गेलो तेव्हा ६२ डॉलर होता. तो दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी चालतो, म्हणजे मध्ये एक दिवस गुडघ्यांना विश्रांती. बोटीचे पैसे वेगळे पडतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटकी असली तरी घेत नाहीत.

जेवणात माशाचा सॉस सर्रास असतो, भाज्यांतसुद्धा. दर वेळी विचारून घ्यायचं. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात भारतीय हॉटेलं आहेत, तरी भडंग आणि मेतकूट बॅगेत असू द्या.

आणि बाबांना सांगा, मंथनाच्या पटात देवांच्या बाजूला वासुकीची शेपटी धरलेलं एक मोठं वानर आहे. त्याला हनुमान म्हणतात.

मूळ लेखिका:
ताई, मनापासून आभार. नोव्हेंबर नक्की केला. हनुमानाचं बाबांना वाचून दाखवलं, तर ते ताडकन उठून पोथी काढायला गेले. "मंथनात हनुमान कुठून आला?" म्हणून दुपारपासून पानं चाळतायत. आता एकच राहिलं: सिएम रीपला रोज एकच टुकटुकवाला ठरवावा, की गाडी? बाबांना उंच पायरी चढवत नाही.