बेसबॉलचे जुने पिचर (चेंडू टाकणारे) खरंच दमदार होते की नियमांनी दामटलेले?

तिरकस:
1884 साल, प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाचा पिचर चार्ल्स रॅडबर्न. 73 सामन्यांत पहिला चेंडू त्याने टाकला आणि त्या 73 च्या 73 सामन्यांत शेवटचाही त्यानेच. 678 हून जास्त इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ)! विजय 59 की 60, यावर आकडेवाले अजून भांडतात. आणि 2022 मध्ये आजच्या काळातल्या पिचर सँडी अल्कँटाराने सहा सामने पूर्ण टाकले तर केवढं कौतुक. हल्लीचे पिचर लाडावलेत, दुसरं काही नाही.

उंटावरचा शहाणा:
आकडे बरोबर, निष्कर्ष गंडलाय. तेव्हा पिचर 50 फुटांवरून टाकायचा. 60 फूट 6 इंच हे अंतर 1893 मध्ये आलं. शिवाय दुखापत झाल्याखेरीज बाकावरचा गडी आत आणताच येत नसे. बदलणार कोणाला?

तिरकस:
मैदानातल्याच गड्याशी अदलाबदल चालायची की! जुलै 1884 मध्ये मॅनेजर बॅनक्रॉफ्टने चार्ली स्वीनीला तेच सांगितलं, तू राइट फील्डला (उजवीकडच्या मैदानात) जा, तिथला मिलर पिचिंग करेल. स्वीनी भडकला आणि मैदान सोडून गेला. प्रॉव्हिडन्स उरलेला सामना आठ जणांत खेळलं आणि हातातला सामना घालवला. त्यानंतर जवळपास सगळा भार रॅडबर्नवर. हात केस विंचरण्यापुरताही वर जात नसे म्हणतात, तरी लीग जिंकून दिली.

उंटावरचा शहाणा:
म्हणजे दुसरा पिचर उरला नाही म्हणून. फुकट नव्हतं ते, पगारवाढ आणि करारातून मोकळीक असा सौदा होता. मोबदल्यासाठी हात पणाला लावला, एवढंच.

चौथा अंपायर:
पिचर टॉमी बाँडला विसरलात दोघेही. बॉस्टनसाठी 1877 ते 79 सलग तीन वर्षं 40 किंवा त्याहून जास्त विजय. 1881 मध्ये? एकही नाही. तेव्हा तो पंचविशीत होता. रॅडबर्न टिकला म्हणून त्याचे गोडवे. ज्यांचे हात गेले त्यांची नावं कोण घेतं? मालकांना काय, दुसरा पोरगा मिळायचा.

तिरकस:
हे मान्य, पण काम सोपं होतं असं यातून कुठे ठरतं? 1887 पर्यंत बॅटर आधीच सांगायचा, चेंडू उंच हवा की खाली. क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनी खेळायचे. चेंडू सुटला की पिचरलाच आणखी एक बॅटर. तरी रॅडबर्नने 1884 मध्ये 441 स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) काढले, वॉक (बॅटरला फुकट पहिला बेस) दिले फक्त 98. आणि वॉकला तेव्हा सहा बॉल (पट्ट्याबाहेर पडलेले चेंडू) लागायचे, हे मीच सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच.

उंटावरचा शहाणा:
सांगणारच होतो 😀 चेंडू तेव्हा आजच्यासारखा लांब जात नसे. दर बॅटरला जीव तोडून टाकायची गरज नव्हती. गडी बेसवर आले की जोर लावायचा. आज नवव्या क्रमांकाचा बॅटरही होमरन मारतो.

तिरकस:
मग पिचर साय यंगचं काय? 1891 पासून बदली खेळाडू खुले, 1893 पासून अंतरही वाढलं. तरी 1911 पर्यंत टाकत राहिला आणि कारकिर्दीत 749 पूर्ण सामने.

चौथा अंपायर:
साय यंग अपवाद आहे, त्याला मापदंड करू नका. 1893 नंतर एकट्याने 600 इनिंग टाकणारा एक पिचर दाखवा.

तिरकस:
600 नाही, पण एमॉस रूसीने 1893 मध्येच 482 टाकल्या. ते चालेल का?